जनाबाईचे गाणे वाचण्यापूर्वी

गोदावरीच्या काठी गंगाखेडला संत जनाबाईचे समाधिमंदिर आहे. या भागात काकड्याला, हरिनाम सप्ताहाच्या मंडपात, दिंडीत जनीचे अभंग इतक्यांदा कानावर पडतात की बहुतेकांना दोन-चार तरी न शिकता येतात. मग ओळखीच्याच गाण्याचा अर्थ नव्याने शोधायचा कशाला, असे वाचकांना वाटले तर त्यात नवल नाही. पण जे तोंडपाठ असते त्याचा अर्थ विचारायचा राहूनच जातो. पुढची पाने त्या राहून गेलेल्या कामासाठी आहेत. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. थोडा निवांतपणा मात्र हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. परंपरेनुसार जनीचा जन्म तेराव्या शतकात गंगाखेडला झाला आणि लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी कामाला राहिली. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. नामदेवांच्या घराण्याचे मूळ गाव नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले तरी 1999 पर्यंत ते गंगाखेडसारखेच परभणी जिल्ह्यात होते. तेव्हा ते घराणे आणि ही दासी दोन्ही आमच्याच मुलखातली, असे म्हणायचा मोह परभणीकराला आवरत नाही. जनीच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर छापले जातात. कुठे ती ‘नामयाची दासी’ अशी मुद्रा घालते, कुठे नुसतेच ‘दासी जनी’. ते सगळे एकाच बाईचे की मागून कुणी भर घातली, हा वाद जुना आहे. नव्या वाचकांनी त्यात सुरुवातीलाच अडकू नये.

खरी गंमत अर्थाची आहे. जनीचा विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो, झाडलोट करतो, तिची वेणीसुद्धा घालतो. कीर्तनात याचा अर्थ बहुधा ठरलेला असतो: जाते म्हणजे संसार, दाणे म्हणजे अहंकार, पीठ म्हणजे ज्ञान. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो फार लवकर हाती लागतो. क्षणभर जाते हे जातेच राहू द्या. पहाटेचा अंधार, वरची जड पाळ, खुंट्याला एकच हात आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ ज्वारी सोडायची. दळण खरे म्हणजे दोघींचे काम. समोर कुणी बसली तर ओढ निम्मी होते. घरात पोरकी, पगाराविना राबणारी बाई समोरच्या रिकाम्या जागी देवाला बसवते, तेव्हा ती आधी आपल्या एकटेपणाबद्दल बोलत असते. अध्यात्म त्यातूनच उगवते. हा क्रम उलटा केला की जनी हरवते आणि तिच्या जागी एक गुळगुळीत संतचरित्र उरते.

हे एकट्या जनीचे नाही, हे जात्यावरच्या ओव्यांतून दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980 नंतरच्या काळात गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला आणि 2017 पासून ‘पारी’ या संस्थेने तो ध्वनिमुद्रणांसह लोकांसमोर आणला. त्यात सीतेचा वनवास आहे, पण गाणारीने त्यात स्वतःचा सासुरवास भरलेला असतो. जनीसुद्धा आहे. विठ्ठल रात्री जनीकडे जातो म्हणून रुक्मिणी रुसते, संशय घेते, जाब विचारते. इतकी मानवी रुक्मिणी पोथीत क्वचित भेटेल. जनीचा पहिला अर्थ लावला तो या बायकांनी, पंडितांनी नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

अर्थ लावण्याच्या हौसेला अर्थात धरबंध हवा. 1967 साली बीटल्स या बँडमधल्या जॉन लेननला कळले की त्याच्या लिव्हरपूलच्या जुन्या शाळेत बीटल्सची गाणी वर्गात उलगडून शिकवतात. तेव्हा ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ या गाण्यात त्याने मुद्दाम अर्थहीन ओळी घातल्या, बसा म्हणावे शोधत! जनीने अशी खोडी काढलेली नाही. पण प्रत्येक शेणीत तत्त्वज्ञान हुडकणाऱ्यांनी हा किस्सा जवळ बाळगावा. रॉक आणि ब्लूजवर जीव असलेले कवी अरुण कोलटकर जनाबाईचे इंग्रजी अनुवाद करायला बसले, हा मला योगायोग वाटत नाही. साध्या बोलीत, कुणाची भीड न ठेवता, देवालाच दटावणारा आवाज त्यांना दोन्हीकडे ऐकू आला असावा.

तेव्हा सुरुवात कुठून करावी? प्रथम दळणकांडणाचे अभंग घ्या आणि नुसते डोळ्यांनी न वाचता मोठ्याने म्हणा. ओळ कुठे दम घेते हे कळले की अर्ध्या शंका मिटतात. मग विठ्ठलाशी भांडणाचे अभंग, जिथे ती त्याला मनसोक्त शिव्या घालते. पदराची पर्वा न करता भर बाजारातून निघालेल्या आणि स्वतःला लोकांनी नावे ठेवावीत अशा शब्दांत ओळख देणाऱ्या जनीचा अभंग मात्र शेवटी ठेवा. कुणी त्याला शरणागती म्हणते, कुणी बंड; तारा भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी संत कवयित्रींकडे बाई म्हणून पाहायला शिकवले, त्यानंतर हा अभंग पूर्वीसारखा वाचता येत नाही. तुम्ही घाईने बाजू घेऊ नका.

आणि एक विनंती. तुमच्या घरात किंवा गल्लीत जात्यावर दळलेली एखादी आजी असेल, तर गाथा उघडण्याआधी तिच्यापाशी बसा. ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत, शुद्ध न करता उतरवून घ्या. ओवी कुणाकडून आली, कोणत्या कामाला म्हणायची, तेही विचारा. गिरण्या गावात येऊन जमाना झाला, त्यामुळे हे सांगू शकणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. गाथा पुढच्या वर्षीही मिळेल.