वायपरची गोष्ट: हाताशी होता, मग पॅनलमागे गेला

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "याला काही कामधंदा नाही का?" विषय आहे जुन्या मोटर यॉटचा वायपर. म्हणजे ५० वर्षं जुन्या, डिझेल इंजिनवर चालणाऱ्या खासगी बोटीच्या पुढच्या काचेवरची ती काळी पट्टी. ती बंद पडली की दुरुस्त करणं इतकं अवघड का होतं? याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आपण १९०२ पासून सुरुवात करू.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला आल्या होत्या. ट्राममध्ये बसल्या असताना त्यांनी पाहिलं, की काचेवर बर्फाळ पाऊस साचतोय आणि रस्ता दिसावा म्हणून ड्रायव्हरला काच उघडावी लागतेय. म्हणजे गारठा थेट तोंडावर! घरी परतल्यावर त्यांनी एक साधन आखलं. बाहेर रबराची पट्टी, आत एक दांडा. दांडा हाताने ओढायचा, पट्टी काच पुसते. १० नोव्हेंबर १९०३ ला त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ७४३८०१. त्या पेटंटमधली एक गोष्ट मला फार आवडते: पाऊस नसेल तेव्हा ही पट्टी सहज काढून ठेवता येईल, असं त्यात म्हटलंय. म्हणजे पहिल्याच डिझाइनमध्ये 'काढता येणं' हे फीचर होतं.

पैसे मात्र मिळाले नाहीत. १९०५ मध्ये एका कॅनडियन कंपनीने, यात धंदा दिसत नाही, म्हणून नकार कळवला. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते २०११ मध्ये. त्या गेल्या १९५३ मध्ये. हिशोब तुम्हीच करा.

पुढचा टप्पा, हात बाजूला. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं तेव्हा थ्रॉटलची झडप अर्धवट बंद असते आणि तिच्यामागे निर्वात तयार होतो. त्या ओढीवर वायपर चालवायचा. स्वस्त आणि मस्त! पण चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, निर्वात कमी होतो आणि भर पावसात वायपर रेंगाळतो. १९२६ मध्ये बॉशने विजेवरचा वायपर आणला, तरी काही अमेरिकन गाड्यांमध्ये निर्वाताचा वायपर १९७० च्या आसपासपर्यंत टिकला.

आता बोटीकडे वळू. डिझेल इंजिनात हवा अडवणारी तशी झडपच नसते, त्यामुळे फुकटचा निर्वात मिळत नाही. म्हणून बोटींवर विजेची मोटर आली, मोठ्या जहाजांवर दाबाच्या हवेवर चालणारे वायपरही आले. जहाजांसाठी आणखी एक भन्नाट उपाय निघाला, 'क्लिअर व्ह्यू स्क्रीन'. काचेची गोल तबकडी मिनिटाला हजाराहून जास्त वेळा फिरते आणि पाणी उडवून लावते. याचं पेटंट १९१७ चं.

समुद्रावर इतका खटाटोप का? कारण तिथे नुसतं पाणी नसतं, मीठ असतं. तुषार वाळले की काचेवर पांढरा थर बसतो, आणि समोरून सूर्य आला की काहीच दिसत नाही. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पाहारा ठेवा. बंद वायपर म्हणजे या नियमाचा अर्धा भाग गेला. पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गेलात तर पुढची काच एकदा बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

आता मूळ दुखणं. १९६० आणि ७० च्या दशकांत फायबरग्लासच्या बोटींचं प्रमाण वाढलं. बऱ्याच बोटींमध्ये क्रम साधारण असा: आधी केबिनचा साचा, मग वायपरची मोटर, मग वायरिंग, मग छताचं अस्तर, शेवटी सागवानी पट्ट्या. स्क्रूची डोकीसुद्धा लाकडी गुल्ल्यांनी झाकलेली. मी दिवसभर कोड लिहितो, मला हे ओळखीचं वाटतं: स्टॅकच्या तळाला बसलेली गोष्ट. ती काढायची तर वरचं सगळं आधी काढा!

त्यात मिठाची भर. स्टेनलेस स्टीलचा दांडा, त्याभोवती ॲल्युमिनियमचं घर. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि दांडा जाम होतो. मोटर जोर लावते, तापते, जळते. लोक मोटर बदलतात, पण जाम दांडा तसाच. मग नवीन मोटरचंही तेच होतं.

म्हणून पॅनल उघडण्याआधी बाहेरून तपासा. वायपरचा दांडा हाताने फिरतो का? नटवर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा. हातोडा नको, शेजारी काच आहे, पुलर वापरा. मग मल्टिमीटर. मोटरपाशी व्होल्टेज येतंय आणि मोटर गप्प, तर दोष मोटरचा किंवा तिच्या अर्थिंगचा. व्होल्टेजच नाही, तर फ्यूज, स्विच, वायर बघा. मोटर गुणगुणते पण पट्टी हलत नाही, तर जोडदांडा निसटलाय किंवा गिअर खाल्लाय. आणि बोटीची यंत्रणा १२ व्होल्टची, २४ ची, की जुन्या अमेरिकन बोटींसारखी ३२ ची, हे आधी पाहा.

हात पोहोचत नसेल तिथे छोटा आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा पोहोचतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. बसवताना दोन धातूंमध्ये प्लास्टिकचा वॉशर आणि ग्रीस घाला. मोटर एकदा चालवून तिच्या थांब्याच्या जागी आणा, मगच बाहेरची पट्टी लावा, नाहीतर ती काचेच्या मधोमध थांबेल. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: पॅनल पुन्हा कायमचं बंद करू नका. तिथे स्क्रूने उघडणारं छोटं झाकण करा.

ते झाकण म्हणजे १९०३ च्या कल्पनेकडे परत जाणंच आहे. वस्तू सुंदर होत गेली तशी दुरुस्त करणाऱ्या माणसाची जागा नकाशातून गायब झाली. बोट बांधणाऱ्याला ३० वर्षांनी तिथे पाना घेऊन आडवा झोपलेला माणूस दिसत नव्हता. तुम्ही कोड लिहा, फर्निचर बनवा नाहीतर घरातलं वायरिंग करून घ्या, त्या माणसासाठी हात जाईल एवढी जागा ठेवा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्याकडची सगळ्यात 'हात न पोहोचणारी' वस्तू कोणती, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!