एटेक्स : युरोपीय अनुरेखक प्रयोग
हवेत सुटलेला पदार्थ वारा कोठे नेईल, हे सांगणारी संगणकीय प्रतिमाने ताडून पाहण्यासाठी १९९४ मध्ये झालेला प्रयोग. चेर्नोबिल अणुभट्टीच्या दुर्घटनेने (१९८६) त्याची निकड दाखवून दिली होती. २३ ऑक्टोबरला फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातून अनुरेखक (हवेत माग काढता येणारा पदार्थ) म्हणून ३४० किग्रॅ. निरुपद्रवी परफ्ल्युओरोकार्बन सुमारे १२ तासांत वाफेच्या रूपात सोडले. १७ देशांतील १६८ केंद्रांनी हवेचे नमुने घेतले. अनुरेखकाच्या ढगाची दिशा अनेक प्रतिमानांना साधली. एकेका ठिकाणची संहती वर्तविणे मात्र फार अवघड ठरले. १४ नोव्हेंबरला अनुरेखक दुसऱ्यांदा सोडला, तेव्हा तर अंदाज आणखी ढासळले. वाऱ्याची मूळ आकडेवारीच सदोष असेल, तर उत्तम प्रतिमानही फसते. त्यामुळे दुर्घटनेच्या वेळी एकाच प्रतिमानावर विसंबून वस्ती हलविण्याचा निर्णय घेणे धोक्याचे आहे. एटेक्सची मोजमापे नव्या प्रतिमानांच्या पडताळणीसाठी पुढेही वापरली गेली.