बर्लिनच्या तीन आकाशमार्गांची कुळकथा

हिटलरची फौज अद्याप झुंजत असतानाच, 12 सप्टेंबर 1944 रोजी, लंडन येथे बसलेल्या युरोपीय सल्लागार आयोगाने पराभूत होऊ घातलेल्या जर्मनीच्या मुलखाची कागदावर वाटणी केली आणि सोव्हिएत हिश्श्याच्या पोटात सुमारे शंभर मैल आत पडणाऱ्या बर्लिन नगरीचेही वेगळे विभाग पाडावयाचे ठरविले. मात्र पाश्चात्त्यांनी आपल्या विभागांत जावयाचे ते कोणत्या वाटेने, याविषयी त्या दस्तऐवजात एक अक्षरही नव्हते.

पुढे 29 जून 1945 रोजी सोव्हिएत मार्शल झुकॉव्ह, अमेरिकेचे जनरल क्ले आणि ब्रिटनचे जनरल वीक्स यांची बर्लिनमध्ये मसलत झाली, तेव्हा एक हमरस्ता व एक लोहमार्ग यांच्या वापरास झुकॉव्ह यांनी तोंडी संमती दिली. लेखी करार केल्यास आपला हक्क तेवढ्यापुरताच सीमित होईल, या शंकेने क्ले यांनीही लेखाचा आग्रह धरला नाही. विजयाच्या त्या दिवसांत सहकाऱ्याच्या शब्दावर विसंबणे मला तरी अक्षम्य वाटत नाही. परंतु त्याचे मोल बर्लिनच्या प्रजेला द्यावे लागले.

आकाशाची गोष्ट निराळी घडली, आणि तीही केवळ विमानांच्या टकरी टाळण्याच्या निकडीतून. पाश्चात्त्यांनी सहा हवाई मार्ग मागितले होते. सोव्हिएत पक्षाने त्यांपैकी हॅम्बुर्ग, ब्युकेबुर्ग व फ्रँकफुर्ट या दिशांचे तीन मान्य केले, आणि प्रत्येकी वीस मैल रुंदीच्या या मार्गांवर जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चतुःसत्ता नियंत्रण मंडळाने 30 नोव्हेंबर 1945 रोजी लेखी मान्यतेची मोहोर उमटविली. विमानांच्या ये-जा-नोंदीसाठी चारही राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचे एक संयुक्त दफ्तर मंडळाच्याच इमारतीत थाटण्यात आले. 

मार्च 1948 मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी मार्शल सोकोलोव्हस्की नियंत्रण मंडळाच्या बैठकीतून उठून गेले. जूनमध्ये पश्चिम जर्मनीत नवे चलन आले, आणि 24 तारखेस रस्ते, लोहमार्ग व जलमार्ग बंद करून सोव्हिएत अंमलदारांनी पश्चिम बर्लिनमधील वीस लक्षांहून अधिक माणसांची नाकेबंदी केली. तोंडी संमतीच्या वाटा एका हुकमाने मिटल्या, लेखी वाटा मात्र राहिल्या; त्या अडवावयाच्या तर विमाने पाडावी लागली असती, आणि युद्धाचा तो धोका स्टॅलिन यांनी पत्करला नाही. तेव्हा पाश्चात्त्यांनी वेढलेल्या नगरीला विमानांनीच रसद पुरविली. उत्तर व दक्षिण मार्गांनी रसदीची विमाने आत यावयाची आणि मधल्या मार्गाने परतावयाची, एखाद्याचे उतरणे पहिल्या प्रयत्नात चुकले तर दुसऱ्या प्रयत्नासाठी घिरट्या न घालता त्याने भरल्या मालासह माघारी जावयाचे, अशी शिस्त या हवाई पुरवठ्याचे प्रमुख, अमेरिकेचे जनरल टनर यांनी बसविली. सुमारे तेवीस लक्ष टन माल या वाटांनी पोहोचला. त्यातील मोठा भाग कोळशाचा होता, कारण घरांच्या उबेइतकीच वीजघरांनाही त्याची गरज होती.

सर्वांत विलक्षण ते हे, की नाकेबंदीच्या ऐन दिवसांतही त्या संयुक्त दफ्तरात सोव्हिएत अधिकारी अमेरिकन, ब्रिटिश व फ्रेंच अधिकाऱ्यांशेजारी बसून विमानांच्या नोंदी घेत राहिले. मे 1949 मध्ये नाकेबंदी उठली, 1961 मध्ये भिंत उभी राहिली, तरी हा रिवाज मोडला नाही. पश्चिम जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीला या मार्गांनी बर्लिनला जाण्याची मुभा नव्हती, ती केवळ विजेत्या राष्ट्रांच्या विमानांना होती. जर्मनीचे एकीकरण झाल्यावर 1990 च्या अखेरीस ते दफ्तर बंद झाले.