समुद्राने दिलेली जमीन

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने टिटवाळा सोडले की पुढचे स्टेशन खडवली. स्टेशनापासून थोडे चालले की भातसा नदी लागते. काही वर्षांपूर्वी आम्ही मराठीचे दोन-तीन अध्यापक एका विद्यार्थ्याच्या घरी जेवायला म्हणून तेथे गेलो होतो. जेवण झाल्यावर नदीकाठी बसलो असता कोकणाचा विषय निघाला आणि आमच्यापैकी एकाने, सवयीने म्हणावे तसे, ‘ही सगळी परशुरामाची भूमी’ असे उद्गार काढले. विद्यार्थी आगरी कुटुंबातला, आजोळ वसईच्या खाडीकाठचे. त्याने अगदी साधेपणाने विचारले, ‘सर, परशुरामाने समुद्र हटवला तेव्हा आमचे पूर्वज कुठे होते?’

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न सुटला नव्हता. जी कथा ‘येथे आधी केवळ पाणी होते’ असे सांगते, ती येथे आधीपासून असलेल्या माणसांविषयी काय सांगते? हा शोध घ्यायचा तर कथेच्या जुन्या रूपापाशी जावे लागते.

महाभारताच्या शांतिपर्वात श्रीकृष्ण ही कथा युधिष्ठिराला सांगतो. जमदग्नीच्या वधाने संतापलेला राम एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो आणि अश्वमेधाची दक्षिणा म्हणून ती सारी कश्यपाला देऊन टाकतो. दान स्वीकारताच कश्यप म्हणतो की, आता पृथ्वी माझी झाली. तुला येथे राहता येणार नाही, दक्षिण समुद्राच्या तीरावर निघून जा. सर्व जिंकून सर्व देऊन टाकलेला हा पुरुष एका क्षणात बेघर होतो. मग समुद्रच त्याच्यासाठी शूर्पारक नावाचा देश निर्माण करतो. या प्रसंगात बाण नाही, परशूची फेक नाही, समुद्राला दिलेली धमकीही नाही. निराश्रिताला आसरा द्यावा तशी ही जमीन समुद्राने दिलेली आहे.

त्याच अध्यायातला पुढचा भाग कीर्तनात फारसा ऐकू येत नाही. राजा नाहीसा झाल्यावर बलवान दुर्बलांना छळू लागतात आणि भार असह्य होऊन पृथ्वी खचते. कश्यप तिला मांडीवर तोलून धरतो. तेव्हा ती त्याच्याजवळ राजा मागते आणि सांगते की काही क्षत्रियकुमार आपण लपवून वाचवले आहेत. त्यांतला कोणी अस्वलांनी वाढवला, कोणी गाईंनी, कोणी कारागिरांच्या आश्रयाने जगला. म्हणजे ज्या कथेचा निर्वंशाचा पुरावा म्हणून उल्लेख होतो, तीच कथा निर्वंश झाला नव्हता असे सांगते. एकवीस हा आकडाही तेच सुचवतो. पहिल्या खेपेस सारे संपले असते तर दुसरी खेप कशाला लागती?

शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे, नालासोपाऱ्याजवळचे. खडवलीहून ते वाटते तितके दूर नाही. भातसेचे पाणी काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीने समुद्रात जाते. या खाडीच्या उत्तरेस सोपारे. एके काळी हे भरभराटीचे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उत्खनित केला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच त्यांच्या हाती आला. १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा विषय असा की, पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात. अशोकाने त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. शस्त्र खाली ठेवणाऱ्या दोन पुरुषांच्या, एका कथेतल्या आणि एका इतिहासातल्या, स्मृती या एकाच गावाशी जोडलेल्या आहेत.

रामाची स्मृती येथे नंतर चिकटवली गेली असेल, असे कोणी म्हणेल. पण वनपर्वातील तीर्थांच्या यादीत जामदग्न्याचे शूर्पारक आणि तेथील रामतीर्थ येते, आणि नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेखही शूर्पारकातल्या रामतीर्थाचा उल्लेख करतो. हा उषवदात शक क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. रामतीर्थ आणि अन्य ठिकाणच्या चरकांच्या समुदायांना त्याने नारळाची ३२ हजार झाडे दान दिली. त्याच लेखात भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याची नोंद आहे. परकीय कुळातला दाता, ब्राह्मणी तीर्थ आणि बौद्ध संघ असे तिघे एका शिळेवर नांदतात. कान्हेरीच्या लेखांत तर कल्याण आणि सोपाऱ्याचे दाते भेटतात. ही भूमी रिकामी कधीच नव्हती.

मग बाण आला कोठून? कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, रघूचे सैन्य सह्याद्रीच्या पायथ्याने जात असताना कवी म्हणतो की, रामाच्या अस्त्राने मागे सारलेला समुद्र जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडला. म्हणजे त्याच्या काळापर्यंत समुद्राचे देणे अस्त्राची करणी झाले होते. पुढे सह्याद्रिखंडात हटवलेल्या समुद्राच्या जागी वसाहती आल्या आणि कोणत्या ज्ञातीला कोणी बसवले, याच्या कथाही आल्या. गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत या ग्रंथाची छापील आवृत्ती काढली आणि ज्ञातींच्या उगमाच्या वादांना नवे इंधन मिळाले.

त्याआधीच, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त ही कथा उलट्या बाजूने वाचली होती. त्यांच्या लेखी परशुराम हा बाहेरून आलेल्या आक्रमकांचा पुढारी, आणि क्षत्रिय म्हणजे या क्षेत्राचे मूळ रहिवासी. तो चिरंजीव असेल तर मुदतीत हजर व्हावे, अशी नोटीसही त्यांनी काढली. या विनोदाची धार अजून बोथट झालेली नाही. रिकाम्या भूमीच्या कथेत ज्यांना जागा नव्हती, त्यांना फुल्यांनी कथेच्या मधोमध आणून उभे केले. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षे आधी विचारला होता.

तरीही कथा टाकून द्यावी असे आम्हांला वाटत नाही. ती तिच्या जुन्या रूपात पुन्हा वाचावी असे वाटते. धार्मिक विधींच्या संकल्पात कोकणात ‘रामक्षेत्रे’ म्हणतात आणि त्याच दमात ‘बौद्धावतारे’ही म्हणतात. उच्चारणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना सोपाऱ्याचा इतिहासच त्या दोन शब्दांतून बोलून जातो.

आणि समुद्र हटवण्याविषयी म्हणाल, तर तो या किनाऱ्यावर खरोखरच हटवला गेला आहे. खाडीकाठच्या माणसांनी चिखलाच्या पाट्या वाहून बांध घातले, भरतीचे पाणी अडवले, ओहोटीला आतले पाणी सोडायला उघाड्या बसवल्या. पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतला खार उतरवत नेला आणि मग तेथे भात पिकवले. ठाणे-कुलाब्याच्या जुन्या महसुली व्यवहारात अशा जमिनींसाठी ‘शिलोत्री’ हा स्वतंत्र प्रकार होता. बांध एकदा घालून भागत नाही. उधाणाला तो फुटतो आणि गावाने मिळून पुन्हा बांधावा लागतो. येथे समुद्र एकदाच हटत नाही, दर पिढीला हटवावा लागतो.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यायला आम्हांला उशीर झाला, पण ते असे आहे: तुझे पूर्वज बांधावर होते. आणि जुन्या कथेतला राम, सगळे देऊन रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर आलेला, बहुधा त्यांच्याकडेच आसऱ्याला आला असावा.