आकाशनिरीक्षण व निशाचर प्राणी

आकाशनिरीक्षण व निशाचर प्राणी : रात्रौ उघड्यावर बसून अथवा आडवे होऊन तारकांचे निरीक्षण करणाऱ्यांनी सर्प, विंचू, बिबट्या, अस्वल, गवा इत्यादी प्राण्यांच्या संदर्भात बाळगावयाची खबरदारी. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीस अनुलक्षून आहे. नागरी दिव्यांच्या झगमगाटामुळे आकाशगंगेचा पट्टा शहरांतून दिसेनासा झाल्यापासून निरीक्षकास उघडे माळ, गडकिल्ले, धरणांचे काठ आणि वनालगतची गावे गाठावी लागतात. आणि जेथे दिवा नाही तेथे श्वापदांचा वावर निर्धास्त असतो, हे ओघानेच आले. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ आणि त्यांच्यासारख्या इतर संस्था यांनी रात्रभराच्या आकाशदर्शनाची वहिवाट महाराष्ट्रात पाडली. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरनजीकच्या पेंच व्याघ्र प्रकल्पास ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. या दर्जाचे भारतातील हे पहिलेच स्थान असून, तारे आणि वाघ यांचे क्षेत्र येथे उघडपणेच एक झाले आहे.

या विषयातील मूळ अडचण प्रकाशाची आहे. मानवी नेत्र काळोखास पुरेसा सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने ती साधना क्षणात वाया जाते. यास्तव निरीक्षक तांबडा व मंद दिवा वापरतात. परंतु ज्या तांबड्या उजेडात नकाशा वाचता येतो, त्याच उजेडात तांबूस मातीवर वेटोळे घालून बसलेले फुरसे किंवा दगडाच्या कडेचा विंचू मुळीच उठून दिसत नाही. डोळ्यास काळोख हवा आणि पावलास उजेड हवा, या दोन गरजांचा मेळ एकाच दिव्याने बसत नाही. तो वेळेच्या विभागणीने बसवावा लागतो. जागेची पाहणी, गवत व दगडगोटे दूर करणे, सतरंज्या अंथरणे, दुर्बिणीची तिवई उभी करणे आणि शौचाची वाट ठरविणे ही कामे सूर्यास्तापूर्वी उरकावीत. त्यानंतर बसल्या जागी तांबडा दिवा असावा. मात्र बैठकीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकावयाचे असल्यास पांढरी विजेरी जमिनीकडे रोखूनच चालावे. एखाद्याच्या नेत्राची सिद्धता त्यामुळे बिघडली तरी कोणी तक्रार करू नये, असा दंडक आरंभीच सर्वांस समजावून द्यावा.

निरीक्षकास अमावास्येच्या आसपासच्या रात्री हव्या असतात, आणि चंद्रप्रकाश टाळून वावरणाऱ्या अनेक जीवांनाही त्याच रात्री सोयीच्या असतात. टांझानियातील मनुष्यांवरील सिंहांच्या हल्ल्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवितो, की हल्ले पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, सायंकाळी चंद्र उगवण्यापूर्वीच्या काळोखात, अधिक होतात. हा निष्कर्ष भारतीय श्वापदांस जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु अंधार पडल्यानंतरचे पहिले काही तास, जेव्हा मंडळी अद्याप सामान हलवीत व इकडेतिकडे फिरत असतात, तेच अधिक जागरूकतेचे होत, हा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

जनमानसातील भय वाघ-बिबट्यांचे असले, तरी निरीक्षकाच्या दृष्टीने खरा धोका जमिनीलगतचा आहे, आणि त्यात मण्यारीस अग्रस्थान दिले पाहिजे. मण्यार पूर्णतः निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या माणसास अंथरुणात दंश करते. दंश बहुधा वेदनारहित असतो, खूणही कित्येकदा सापडत नाही, आणि काही तासांनी पोटात कळा, पापण्या जड होऊन मिटू लागणे, गिळण्यास अडथळा व अखेरीस श्वासाचा अवरोध अशी लक्षणे प्रकट होतात. मध्यरात्रीनंतर मृग नक्षत्र पश्चिमेकडे कलते आणि पाहता पाहता सतरंजीवरच निरीक्षकाचा डोळा लागतो, ही अत्यंत स्वाभाविक गोष्ट म्हणूनच सर्वांत घातक ठरू शकते. झोपावयाचे असेल त्याने खाटेवर, चेन पूर्ण लावलेल्या तंबूत, अथवा कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. मच्छरदाणीसारखा स्वस्त व खात्रीचा बंदोबस्त दुसरा नाही. काठी आपटीत चालल्याने पुष्कळसे सर्प बाजूस होतात, हे खरे. पण घोणस आणि फुरसे बहुधा जागचे हलत नाहीत. हिवाळ्यात, म्हणजे आकाशदर्शनाच्या ऐन हंगामात, गवताळ बांधांवर आढळणारी घोणस मोठा फूत्कार टाकून, तर कोकणातील जांभ्याच्या सड्यांवरील फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून इशारा देते. असा ध्वनी कानी पडताच जागीच थांबावे, उजेड पाडावा आणि मगच मागे सरावे. घोट्यावर येणारे जोडे व जाड कापडाची विजार ही या कामाची योग्य वेशभूषा होय.

दंश झाल्यास अवयव स्थिर ठेवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. घट्ट आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, विष तोंडाने शोषणे अथवा मांत्रिकाकडे वेळ दवडणे हे सर्व निषिद्ध समजावे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारींवर चालते. मात्र मण्यारीच्या दंशात प्रतिविष देऊनही कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडू शकते. म्हणून ही सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथवर वाहन रात्रीचे कसे जाईल, याची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

तांबड्या विंचवाचे विष हृदयावर आघात करते. कोकणात या दंशाने पूर्वी, विशेषतः लहान मुलांत, बरेच मृत्यू होत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि हे मृत्यू पुष्कळच घटले. अतिनील विजेरीच्या प्रकाशात विंचू निळसर-हिरवा चमकतो. तेव्हा निरीक्षणास आरंभ करण्यापूर्वी बैठकीची जागा, जोडे व दुर्बिणीच्या पिशव्या अशा विजेरीने तपासाव्यात आणि पहाटे आवरताना प्रत्येक वस्तू झटकून उचलावी.

बिबट्यासाठी घनदाट अरण्याचीच आवश्यकता नसते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, जेथे खोडदच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण पसरली आहे, तेथेच उसाच्या फडांत बिबट्यांची कायमची वस्ती झाली आहे. उभा मनुष्य सहसा बिबट्याचे भक्ष्य नव्हे. परंतु वाकलेली, बसलेली वा आडवी आकृती, आणि त्याहून अधिक लहान मूल, त्यास छोट्या जनावरासारखे भासू शकते. आकाशनिरीक्षक नेमका याच स्थितीत असतो. म्हणून बैठक उसापासून व झुडपांपासून दूर, मोकळ्या जागी घालावी. मुलांस मध्यभागी बसवावे. बोलणे चालू ठेवावे. पाळीव कुत्रा बरोबर नेऊ नये, कारण तो बिबट्याचे आवडते खाद्य आहे. आणि नैसर्गिक विधीसाठीही कोणास एकटे धाडू नये. विजेरीच्या झोतात चमकणारे डोळे दिसल्यास पळू नये व वाकू नये. सर्वांनी एकत्र उभे राहून मोठ्याने आवाज करीत सावकाश मागे हटावे.

विदर्भात मोहाच्या फुलांच्या दिवसांत अस्वलांचा फेरा वाढतो. अकस्मात गाठ पडल्यास अस्वल थेट अंगावर येते, म्हणून अशा झाडांखालील जागा वर्ज्य करावी. राधानगरी व चांदोलीच्या परिसरात गव्यांच्या, आणि तिलारीच्या खोऱ्यात हत्तींच्या वाटेवर मुक्काम करू नये. गडांच्या कड्यांवरील आग्यामोहोळांखाली शेकोटी पेटवू नये.

अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत प्रवेशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये निर्बंध आहेत आणि रात्रीचा मुक्काम वनखात्याच्या परवान्यावाचून करता येत नाही. हद्दीबाहेरही गावच्या पोलीसपाटलास व वनरक्षकास आगाऊ वर्दी द्यावी: अलीकडे जनावर दिसले होते काय, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. रानात झोत फिरवून प्राणी शोधीत बसल्यास प्राणी बुजतात, आणि शिकाऱ्यांचा संशय येऊन चौकशीही मागे लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महाराष्ट्र वनविभागाच्या मदतीसाठी १९२६ हे दूरध्वनी क्रमांक असून, डोंगराळ भागात भ्रमणध्वनीची लहर कोठवर पोहोचते हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे.