डिकीत काय भरलंय?

१९८० सालची माघ शुद्ध चतुर्थी. पहाटेच्या गारठ्यात तुम्ही फियाटच्या मागच्या सीटवर चौघांत दाटून बसला आहात. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीचं नाव आता प्रीमियर पद्मिनी आहे, पण घरात सगळे फियाटच म्हणतात. बाबा चोक ओढतात, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकतात आणि १०८९ सीसीचं इंजिन मुंबई सोडतं. गेल्याच वर्षी ‘अष्टविनायक’ सिनेमा आला. त्याची गाणी आई वाटभर गुणगुणते आहे.

खोपोलीत टाटांच्या वीजघराकडे उतरणारे जाड पाइप दिसतात. पुण्याच्या गाड्या बोरघाटाकडे निघून जातात, तुम्ही पालीचा रस्ता धरता. भात निघालेल्या खाचरांत वाल उभा आहे. वालाच्या शेंगा मडक्यात भाजायचे, म्हणजे पोपटी लावायचे दिवस आहेत. मग सरसगडाचे सुळके समोर येतात आणि आजी हात जोडते.

पालीत गणपतीच्या जन्मोत्सवाची गर्दी आहे. रिवाजाप्रमाणे आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वराचं. देऊळ दगडी आणि पूर्वाभिमुख. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली म्हणून सांगतात ती घंटा तुम्ही पाहता. बाहेर आई पापड आणि मिरगुंडं घेते. डिकीत शेजाऱ्यांसाठीही पुडे रचले जातात, कारण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचा प्रसाद गाडीवाल्याने आणायचा असतो.

आता नऊ वर्षं पुढे या. जुलै १९८९. रस्ता तोच, गाडीही तीच. अंबा नदी वाटेवरच्या जांभूळपाड्यात शिरली, घरंदारं आणि माणसं घेऊन गेली. पाणी ओसरलंय, सगळीकडे चिखल आहे. फियाटच्या डिकीत या वेळी तांदूळ, चादरी, मेणबत्त्या, रॉकेलचा डबा. बाबा बोलत नाहीत. तुम्ही उतरून पोती उचलू लागता. एक आजी चादर घेते आणि तुम्ही जेवलात का, हे आधी विचारते.

आजच्या दिवसात परत या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. शेवटच्या गाडीचीही वीस वर्षांची मुदत संपली. ज्या खासगी फियाट उरल्या, त्या हौसेने जपलेल्या आहेत. जुन्या गाड्यांच्या रॅलीत त्या चकचकीत उभ्या राहतात, लोक फोटो काढतात. हे जपणं मोलाचं आहे: कुर्ल्याच्या कामगारांचं कसब त्यात आहे, सुटा भाग हाताने घडवून देणाऱ्या मेकॅनिकचंही आहे.

पण या गाड्यांचा वारसा पत्र्यापुरता नाही. एका गाडीत आख्खी आळी सामावून घेण्याची रीत हाही तो वारसाच आहे. म्हणून मदतीसाठी रॅली काढायची तर तिने पालीचा रस्ता धरावा. तिथल्या सुधागड तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर शाळेत जाणारी मुलं आहेत. काय हवं ते आधी त्या वाड्यांना विचारावं आणि मगच डिकी भरावी. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल, तर तिला पुन्हा ओझं वाहू द्या. ती त्यासाठीच बांधली होती.