ऑर्केस्ट्रेटर

ऑर्केस्ट्रेटर : मायएसक्यूएल सर्व्हरांच्या रेप्लिकेशनवर नजर ठेवणारी आणि मुख्य सर्व्हर (मास्टर) बंद पडल्यास त्याच्या जागी आपोआप रेप्लिका (त्याची प्रत सांभाळणारा सर्व्हर) बसवणारी मुक्तस्रोत प्रणाली. श्लोमी नोआख यांनी ती गो भाषेत लिहिली. आउटब्रेनमध्ये सुरू झालेले हे काम पुढे बुकिंग डॉट कॉम व गिटहब येथे वाढले.

मास्टरने उत्तर दिले नाही एवढ्यावरून ही प्रणाली त्याला मृत ठरवत नाही. ती रेप्लिकांचीही साक्ष काढते. त्यांचे रेप्लिकेशन चालू असेल तर दोष वाटेतल्या नेटवर्कचा धरायचा. त्यांचाही मास्टरशी दुवा तुटला असेल तरच बदली. पण रेप्लिकांना हे वेळेत कळायला हवे. मास्टरची प्रोसेस कोसळली तर जोडणी लगेच तुटते. यंत्राची वीजच गेली तर रेप्लिका ‘स्लेव्ह नेट टाइमआउट’ संपेपर्यंत वाट पाहत बसते. ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. ती ४ सेकंदांवर आणणे हे मांडणीतले पहिले काम, आणि नेमके तेच राहून जाते.

कोणत्या क्लस्टरांत (एक मास्टर व त्याच्या रेप्लिका यांच्या गटांत) आपोआप बदली करायची, हे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पॅटर्नने सांगावे लागते. एका क्लस्टरात बदली झाली की ठरावीक काळ, सहसा तासभर, तिथे दुसरी आपोआप होत नाही. नाहीतर डळमळत्या नेटवर्कवर मास्टरपद इकडून तिकडे फिरत राहील. नव्या मास्टरचा पत्ता अॅप्लिकेशनपर्यंत पोहोचवणे मात्र हुक स्क्रिप्ट, प्रॉक्सी वा तत्सम सोयीवर सोपवलेले असते.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. बाहेर उरलेल्या ऑर्केस्ट्रेटर नोडांनी राफ्ट या नोडांमध्ये एकमत घडवणाऱ्या पद्धतीने बहुमत जमवून मास्टरपद पश्चिम किनाऱ्यावर नेले. पूर्वेकडे काही नोंदी आधीच लिहिल्या गेल्या होत्या, त्या पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या. एका वर्दळीच्या क्लस्टरात अशा ९५४ निघाल्या. आता पश्चिमेकडेही नवे लेखन सुरू झाल्याने मागे फिरणे सोपे राहिले नाही आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. प्रणाली बिघडली नव्हती. ती कॉन्फिगरेशनबरहुकूमच वागली. किनारा ओलांडून बदली करू नये, असा बदल गिटहबने त्यानंतर ठरवला.

मायएसक्यूएलवर उभारलेल्या व्हिटेस या डेटाबेस प्रणालीतील व्हीटीऑर्क हा घटक ऑर्केस्ट्रेटरवरूनच घडला आहे.